गावात खडी क्रशर आलाय? डंपर अडवायच्या आधी हे वाचा

पहिल्या दिवशी आम्ही काय केलं, तर डंपर अडवले. वीस-पंचवीस पोरं, चार म्हातारी माणसं, दोन मोटारसायकली रस्त्यात आडव्या, फोटो, स्टेटस, एकदम भारी वाटत होतं. संध्याकाळी अकरा जणांच्या घरी पोलीस स्टेशनची नोटीस आली आणि दुसऱ्या दिवशी डंपर ओढ्याकडच्या पाणंदीने जायला लागले. म्हणजे क्रशर चालू तो चालूच, वर आमची अकरा पोरं लटकली. त्यातल्या एकाची पोलीस भरतीची तयारी चालली होती, त्याची आई सहा महिने माझ्याशी बोलली नाही, आणि बरोबरच होतं तिचं.

म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, शेतकरी आहे, तीन वर्षं या भानगडीत घालवली त्यातनं जे कळलं ते सांगतो. एकच गोष्ट डोक्यात ठेवा, रस्ता सगळ्यात शेवटी, आधी दप्तर. सरकारी माणूस तुमच्या घोषणेला घाबरत नाही, त्याच्याच सहीच्या कागदाला घाबरतो.

सुरुवात गट नंबरपासून. गावात सगळ्यांना माहीत असतं की वरच्या माळावर क्रशर आलाय, पण सरकारी कागदाला वरचा माळ कळत नाही, गट नंबर कळतो. सातबारा ऑनलाइन मिळतो, भूनकाशावर गटाची हद्द दिसते, एक संध्याकाळ मोबाईल घेऊन बसा. जमीन कोणाच्या नावावर आहे, भाड्याने दिलीय का, इतर हक्कात काय नोंद आहे, शेजारचा गट गायरान आहे का वनखात्याचा, हे सगळं लिहून काढा. आमच्याकडे परवाना एका गटाचा आणि खड्डा पसरला शेजारच्या गटात, तो शेजारचा गट गायरान, आणि हे दोन वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही कारण सगळे धुळीवरच भांडत होते.

मग हे समजून घ्या की खाण वेगळी आणि क्रशर वेगळा. खाण म्हणजे जिथे दगड फोडतात, क्रशर म्हणजे जिथे तो दळतात. मालक एकच असेल, जागा एकच असेल, पण कागद वेगळे आणि साहेब वेगळे. खाणीचा परवाना महसूलकडे, म्हणजे तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार आणि जिल्ह्याला खनिकर्म अधिकारी. दगड, मुरूम, वाळू याला गौण खनिज म्हणतात आणि राज्याचे त्याचे नियम 2013 चे आहेत. खाणीला पर्यावरण मंजुरी लागते, आणि पाच हेक्टरपेक्षा लहान आहे म्हणून लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2012 लाच ते बंद केलंय. क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाची, म्हणजे एमपीसीबीची संमती लागते, एक उभारायच्या आधी आणि एक चालवायच्या आधी. सुरुंग लावत असतील तर स्फोटकांचा परवाना कोणाच्या नावावर आहे तोही प्रश्न आहे. आणि ग्रामपंचायतीने ना-हरकत दाखला दिलाय का, दिला असेल तर कुठल्या मासिक सभेत, कोणाच्या सहीने. हा शेवटचा कागद हातात आला की गावात पहिला स्फोट होतो हे आधीच सांगून ठेवतो, कारण सही बहुतेक वेळा आपल्याच कुणाची तरी असते.

(आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असा शासन निर्णय आहे, पण गावात कोणी म्हणत नाही, मी पण म्हणणार नाही. अर्जावर मात्र नवीन नाव लिहा, नाहीतर तेवढंच कारण मिळतं.)

आता माहिती अधिकार. आमचा पहिला अर्ज तीन पानी होता आणि त्यात असले प्रश्न होते की आमच्या लेकराबाळांच्या छातीत धूळ जाते याला जबाबदार कोण, साहेबांनी कधी गावात येऊन बघितलं का. लिहिताना अंगावर काटा आला होता. उत्तर आलं दोन ओळींचं, प्रश्नार्थक माहिती देता येत नाही. आणि त्यात त्यांची चूकही नव्हती. माहिती अधिकारात का आणि कसं विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा असा नियम आहे, त्यामुळे तीन ऑफिसला तीन अर्ज करा, एकात सगळं कोंबू नका. तहसीलदार कार्यालयाला आम्ही नंतर जो अर्ज दिला तो असा होता, उचला खुशाल:

"मौजे अमुक, गट नं. अमुक येथील गौण खनिज उत्खनन परवान्याची प्रत, सोबतच्या अटी-शर्ती, मोजणी नकाशा, दि. अमुक ते दि. अमुक या काळात भरलेल्या स्वामित्वधनाच्या चलनांच्या प्रती व याच काळात दिलेल्या वाहतूक पासांची यादी मिळावी."

बस, एवढंच. स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, पोच घ्यायची आणि पोचेवर शिक्का, तारीख आणि सही तिन्ही बघायचं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याचे 20 रुपये. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत, ते टाकून ठेवायचं पण त्याच्या भरवशावर बसायचं नाही, तिथे वर्षं जातात. त्यापेक्षा भारी गोष्ट म्हणजे फाईल बघायला मागणे. अर्जात लिहायचं की मला मूळ फाईलची पाहणी करायची आहे. दोघं जा, एकाने वाचायचं, एकाने पान नंबर लिहायचे, आणि टिपणीची पानं सोडू नका, खालच्या कारकुनाने काय शेरा मारला आणि वरच्याने तो कसा गिळला ते तिथेच दिसतं.

अर्ज एकाच्या नावाने टाकू नका. हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. तळेगावचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनीचे घोटाळे बाहेर काढायचे, 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. आपल्या गावचा क्रशर काही तेवढा मोठा नाही असं सगळ्यांनाच वाटतं. पाच-सहा जणांच्या नावाने टाका, त्यात बायका असू द्या, पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या पोरांच्या नावाने टाका, आणि माहिती आली की त्याच दिवशी चार ठिकाणी वाटून टाका. माहिती एकाच माणसाच्या घरी पडून असली की तो माणूस टार्गेट होतो, सगळीकडे गेली की त्याला गप्प करून काही मिळत नाही.

पर्यावरण मंजुरीसाठी तर अर्जाचीही गरज नाही, केंद्राच्या परिवेश पोर्टलवर बऱ्याच मंजुऱ्या पडलेल्या असतात. शोधायला कटकट आहे, साईट मध्येच लटकते, पण सापडलं तर पत्र पूर्ण डाउनलोड करा आणि अटींचं पान प्रिंट काढा. आमच्यासाठी सगळ्यात कामाचं हेच पान निघालं. कारण कसं आहे, धूळ होते म्हणून बंद करा असं म्हटलं की साहेब म्हणतात विकास नको का, रस्ते कशाचे करायचे. पण अट क्रमांक अमुक प्रमाणे रस्त्यावर दिवसातून इतक्या वेळा पाणी मारायचं होतं, मारलं जात नाही, हे फोटो, असं म्हटलं की साहेबाला काहीतरी लिहावंच लागतं. क्रशरसाठी केंद्राच्या नियमातच लिहिलंय की धूळ दाबायची यंत्रणा पाहिजे, वारा अडवणारी भिंत पाहिजे, आतले रस्ते पक्के पाहिजेत, आवार नियमित झाडून ओलं ठेवलं पाहिजे, कडेने झाडांचा पट्टा पाहिजे. आम्ही ती यादी घेऊन माळावर गेलो, बाहेरच्या रस्त्यावर उभं राहूनच, आत पाय ठेवला नाही. भिंतीच्या जागी हिरवं शेडनेट होतं, तेही एका बाजूने फाटून फडफडत होतं, आणि झाडांच्या पट्ट्याच्या जागी एक बाभूळ, ती पण आमच्या आज्याच्या वेळची.

आत पाय ठेवू नका हे परत सांगतो. आत गेलात की अतिक्रमण, दमदाटी, चोरी, काय वाटेल ते लावतात. सगळं सार्वजनिक रस्त्यावरून किंवा आपल्या स्वतःच्या शेतातून.

आता रजिस्टर, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं. दोनशे पानी वही घ्या, रेघा मारा. तारीख, वेळ, गाडी नंबर, भरलेली का रिकामी, ताडपत्री होती का नाही, लिहिणाऱ्याची सही. आमच्याकडे फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथून प्रत्येक गाडी दिसते. पाळ्या लावल्या, सकाळी म्हातारी माणसं, दुपारी कॉलेजची पोरं, रात्री दोघं-दोघं. पहिले चार दिवस उत्साह, मग गळती, मग चुलत्यांनी एकट्याने नऊ दिवस लिहिलं. शेवटी महिना पूर्ण झाला. आणि मग हिशोब मांडला तेव्हा आम्हीच गार पडलो.

हिशोब असा मांडायचा. दगड-खडी ब्रासमध्ये मोजतात, ब्रास म्हणजे 100 घनफूट. समजा परवाना आहे 2000 ब्रासचा, वर्षभरासाठी. तुमच्या रजिस्टरमध्ये रोज 40 भरलेल्या खेपा आहेत आणि एका गाडीत कमीत कमी 4 ब्रास धरले, तर दिवसाचे झाले 160 ब्रास. 2000 भागिले 160 म्हणजे साडेबारा. वर्षाचा परवाना तेराव्या दिवशी दुपारी संपला, आणि गाड्या तर अजून चालूच आहेत. आता हे धुळीचं भांडण राहिलं नाही, सरकारच्या पैशाचं झालं. जमीन महसूल संहितेचं कलम 48 (7) काढा, विनापरवाना उत्खनन केलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, आणि 48 (8) खाली गाड्या जप्त करता येतात. हे गणित आणि माहिती अधिकारातले वाहतूक पास शेजारी-शेजारी ठेवून तहसीलदारांना अर्ज द्या की ईटीएस मशीनने, म्हणजे मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने, खड्ड्याची मोजणी करा. खड्डा खोटं बोलत नाही, जेवढा दगड गेला तेवढाच तो खोल असतो. प्रत कलेक्टरला, प्रत खनिकर्मला.

रजिस्टरसोबत आणखी दोन-तीन गोष्टी. विहिरीचं पाणी दर रविवारी दोरीला गाठी मारून मोजा आणि लिहून ठेवा, क्रशर यायच्या आधीचं कोणाकडे नसतंच, पण आजपासूनचं तरी असू द्या. भिंतीला तडा गेला असेल तर तड्यावर आडवी कागदाची पट्टी खळीने चिकटवा, दोन्ही टोकांना तारीख आणि दोघा साक्षीदारांच्या सह्या. सुरुंगाने तडा वाढला की पट्टी फाटते, फाटली की फोटो. हे मला एका जुन्या गवंड्याने सांगितलं, इंजिनिअरने नाही. पिकावरच्या धुळीचा फोटो घेताना एक पान अर्धं पुसून घ्या, अर्धं तसंच, दोन रंग दिसले की कोणाला काही समजावून सांगायला लागत नाही. फोटो जीपीएसवाल्या कॅमेरा ॲपने काढा आणि मूळ फाईल मेमरी कार्डवर जपा, व्हॉट्सॲपवरून आला-गेला की फोटो बारीक होतो आणि त्याची आतली माहिती पुसली जाते, पुढे कोर्टात विचारतात की कुठल्या मोबाईलने कधी काढला.

ग्रामसभा. वर्षात कमीत कमी चार व्हायला लागतात, साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरच्या आसपास. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. आता इथे डाव कसा होतो बघा. विषय तापलेला असला की सभा सकाळी लवकर लावतात, दवंडी होत नाही, नोटीस पंचायतीच्या आतल्या भिंतीवर, माणसं कमी भरली की तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. म्हणजे पुढच्या वेळी पंधरा माणसांत काय वाटेल ते पास. तर आपण आठवडाभर आधी लेखी पत्र द्यायचं की अमुक विषय विषयपत्रिकेवर घ्या, पोच घ्यायची, आणि शंभर माणसं ही आपली जबाबदारी समजायची. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती बहुतेक गावांत फक्त रजिस्टरमध्ये होते, सह्या घरोघर फिरवून. ती खरोखर घ्यायला लावा. आमच्यात पुरुष जिथे भावकी आणि पार्टी बघून गप्प बसले तिथे बायका बोलल्या, कारण वाळत घातलेले कपडे आणि कुरडया त्यांनाच परत धुवायला नाहीतर टाकायला लागत होत्या.

आणि ठराव. त्या दिवशी देवळासमोर दीडशे माणसं होती, दोन तास आरडाओरडा झाला, सगळ्यांनी हात वर केले, विरोध मंजूर, टाळ्या वाजल्या, लोक घरी गेले. पंधरा दिवसांनी नक्कल काढली तर त्यात लिहिलेलं, "खडी क्रशरबाबत सविस्तर चर्चा करण्यात आली." झालं. विरोध हा शब्दच नाही. तेव्हापासून आमचा नियम असा की ठराव आपण आधीच लिहून न्यायचा, सूचक आणि अनुमोदक ठरवून न्यायचे, आणि ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहून झाल्यावर ते माईकवर वाचून दाखवल्याशिवाय कोणी उठायचं नाही. चुलत आजी दारातच बसली होती दुसऱ्या खेपेला, म्हणाली, वाच की लेका, मला ऐकू कमी येतं, मोठ्याने वाच. त्याने वाचलं. सगळं शूटिंगमध्ये आहे.

ठरावात भावना कमी आणि गट नंबर जास्त पाहिजेत. "ग्रामसभा गट नं. अमुक येथील खाणपट्टा व क्रशरला विरोध करते, पूर्वी दिलेला ना-हरकत दाखला रद्द करते, कारणे पुढीलप्रमाणे," आणि मग शाळा किती मीटरवर, पाणीपुरवठ्याची विहीर किती मीटरवर, किती घरांना तडे, कुठल्या अटी मोडल्या.

एक खरं सांगायला पाहिजे, साध्या गावात ग्रामसभेने नाही म्हटलं म्हणून खाण आपोआप बंद होत नाही. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात, पेसा कायदा आहे, तिथे गौण खनिजाला ग्रामसभेची शिफारस आधी लागते, आणि ओडिशात नियमगिरीला तर सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालानंतर बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं आणि ती खाण अडली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तिथली घोषणा आपल्या सगळ्यांना पाठ आहे, दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. पण ती घोषणा देण्याआधी त्या लोकांनी वर्षानुवर्षं बसून अभ्यास केलाय, आपण फक्त घोषणा उचलतो. बिगर-पेसा गावात ठराव म्हणजे ब्रेक नाही, पुरावा आहे. हरित लवादात (पर्यावरणाच्या तक्रारींचं कोर्ट), कलेक्टरपुढे, पेपरात, सगळीकडे पहिलं विचारतात की गावाचं म्हणणं काय, तेव्हा हा कागद लागतो.

प्रकल्प मोठा असेल तर जनसुनावणी होते. 2006 च्या ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या, अधिसूचनेप्रमाणे निदान 30 दिवस आधी पेपरात जाहिरात, अहवालाचा सारांश मराठीत, सुनावणी एमपीसीबी घेते, कलेक्टर किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा माणूस अध्यक्ष, आणि सगळ्याचं चित्रीकरण. लक्षात ठेवा, जनसुनावणीला कोरम नसतो. बहिष्कार टाकून बाहेर घोषणा देत बसलात तर आत चार माणसांत सुनावणी झाली असं लिहिलं जातं. बाहेर घोषणा द्या, पण आत पण माणसं पाठवा, प्रत्येकाच्या हातात सहीचं लेखी म्हणणं, आणि शेवटी सगळे मुद्दे मराठीत वाचून दाखवायला लावा, तशी तरतूदच आहे.

आता अवघड भाग. गाव फुटतं. आणि ते पर्यावरणावरून फुटत नाही, हप्त्यावरून फुटतं. आमच्या गावात सात जणांनी डंपर घेतले होते, फायनान्सवर, दोघांनी त्यासाठी जमीन गहाण टाकली होती. क्रशर बंद म्हणजे त्यांच्या घरावर जप्ती. आम्ही पहिल्यांदा त्यांना दलाल म्हटलं, व्हॉट्सॲपवर काय काय लिहिलं, लग्नकार्यात बोलणं बंद. मोठी चूक. मालक बाहेरचा, तो कधीच गावात दिसत नाही, आणि आपण एकमेकांची डोकी फोडायला तयार. शेवटी एका डंपरवाल्याच्या घरी मी स्वतः गेलो, म्हटलं दादा, भांडायला नाही आलो, हप्ता किती आहे तेवढं सांगा. तासभर बसलो. त्याचं म्हणणं एवढंच होतं की खडी दुसऱ्या कुठल्या कायदेशीर खाणीतून मिळाली तरी त्याला चालेल, त्याला गाडीला काम पाहिजे. पुढे त्यानेच आम्हाला सांगितलं की रात्री दोननंतरच्या गाड्या बिनपासाच्या जातात. कॉम्रेड वगैरे काही झाला नाही तो, पण विरोधातही राहिला नाही.

क्रशरवरचे मजूर तर अजिबात शत्रू नव्हेत. बाहेरून आलेली माणसं, पत्र्याच्या खोलीत बायकापोरं घेऊन राहतात, सगळ्यात जास्त धूळ त्यांच्याच छातीत, सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, झाला तर कागदोपत्री ते त्या क्रशरवर कधी नव्हतेच. त्यांच्या अंगावर धावून गेलात तर तुम्ही हरलात असं समजा.

मग देणग्या. क्रशर आला की देवळाला रंग लागतो, यात्रेच्या कुस्त्यांचं मोठं इनाम लागतं, शाळेला कॉम्प्युटर येतो. घेऊ नका असं सांगून कोणी ऐकत नाही. आम्ही एवढंच म्हटलं की जे घ्याल त्याची पावती ग्रामपंचायतीत लावा. निम्म्या देणग्या तिथेच थांबल्या. आणि तुमचा पण हिशोब फळ्यावर पाहिजे बरं का, वर्गणी किती जमली, झेरॉक्सला किती गेले, वकिलाला किती. पन्नास रुपयांचा घोळ निघाला की तीन वर्षांचं काम पाण्यात.

राजकारणाचं म्हणाल तर आमचं आंदोलन अराजकीय आहे असं बोंबलत फिरू नका, कोणी विश्वास ठेवत नाही आणि ते खरंही नसतं. झेंडा एकही नको, पण प्रश्न सगळ्यांना. निवडणुकीत प्रत्येक पॅनलला लेखी विचारा की गट नंबर अमुकबद्दल तुमची भूमिका काय, आणि ते उत्तर, किंवा उत्तर दिलं नाही हे, चावडीवर लावा. दडपण पुरेसं असलं की सरकारलाही विचारायला लागतं, 21 सप्टेंबर 2008 ला रायगडमध्ये पेण भागातल्या 22 गावांत सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, पाहिजे का नको यावर सरकारनेच मतदान घेतलं होतं, आणि तो सेझ पुढे बारगळला. विकासविरोधी म्हणतीलच. त्याला उत्तर देत बसू नका, पाचपट दंड किती होतो तो आकडा सांगा.

रस्त्यावर उतरायची वेळ आली तर आधी तहसील आणि पोलीस स्टेशनला निवेदन, तारीख-वेळ-जागा लिहून. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चा जमावबंदी आदेश लागू आहे का बघा, बऱ्याचदा असतो. आंदोलनाच्या आदल्या दिवशी जी नोटीस घरी येते ती पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची म्हणायचे, नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ती कलम 168 ची आहे. ती नाकारू नका, घ्या, प्रत मिळाली लिहून तारीख टाका, फोटो काढा. ती अटक नाही. अटक झालीच तर 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला लागतं, आणि बायकांना सूर्यास्तानंतर ते सूर्योदयाआधी अपवाद सोडून अटक करता येत नाही, हे प्रत्येक बाईला पाठ पाहिजे. एप्रिल 2023 ला राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या विरोधात बायका गाड्यांपुढे आडव्या झाल्या, लाठ्या आणि अश्रुधूर दोन्ही झालं, ते व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. तेवढी तयारी असेल तरच रस्ता. भरतीची पोरं, परदेशी जायची पोरं, यांना पुढे करू नका, त्यांना रजिस्टर द्या. दगडाला हात नाही, आणि दगड उचलणारा कोणी नवीनच चेहरा दिसला तर त्याचं शूटिंग घ्या.

उपोषणाचं पण एक सांगतो. तिसऱ्या दिवशी नायब तहसीलदार ज्यूसचा ग्लास आणि पत्र घेऊन येतात. पत्रात असतं, उचित कार्यवाही करण्यात येईल. तो ग्लास घेऊ नका. कार्यवाही कोण करणार, कुठल्या तारखेपर्यंत, मोजणीला गावातले कोण दोघं हजर राहणार, हे लिहून आणा म्हणा. आमच्या वेळी ते पत्र तीनदा परत गेलं, चौथ्यांदा तारखेसकट आलं.

हरित लवाद, एनजीटी, आपल्यासाठी पुण्यात आहे. मुदती कडक आहेत म्हणून आधीच सांगतो. बंद करा, अटी पाळायला लावा अशा मागणीसाठी कारण घडल्यापासून 6 महिने, योग्य कारण दाखवलं तर वर 60 दिवस. पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचं तर 30 दिवस, वर जास्तीत जास्त 60. नुकसानभरपाईला 5 वर्षं. भरपाई मागत नसाल तर फी 1000 रुपये, आणि स्वतः उभं राहून बोलता येतं, वकील पाहिजेच असं नाही, पण असलेला बरा. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, अर्जदार ठरवताना हे लक्षात ठेवा. आणि सहा महिने म्हणजे फार वाटतात, पण त्यात दोन महिने माहिती अधिकारात, एक महिना सुगीत आणि एक महिना यात्रा-लग्नात जातो.

आमचा क्रशर मोजणीनंतर सील झाला. चार महिन्यांनी शेजारच्या गटावर वेगळ्याच नावाने नवीन अर्ज पडला, सह्या बघितल्या तर पत्ता तोच. हे नवीन नाही, नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना 2019 ला रद्द झाली आणि पुढे रिफायनरी त्याच राजापूर तालुक्यात बारसूला निघाली. त्यामुळे सील झालं की सत्कार-बित्कार करा, पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आजूबाजूच्या दहा-बारा गटांचे सातबारे काढायचे, परिवेशवर तालुक्याचं नाव टाकून बघायचं, आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागायची. आमच्याकडे हे काम आता त्या भरतीवाल्या पोराच्या आईकडे आहे. तिच्याकडनं एकही महिना चुकलेला नाही.